कुणाला दिलेला शब्द

फल्गू नदीत पाणी होतं, आणि ते पाहून मी खट्टू झाले.

१९८३ साली आई-बाबा गयेला आले होते, आजोबांचं श्राद्ध करायला. त्या प्रवासातली एकच गोष्ट आई पुन्हा पुन्हा सांगायची. नदी म्हणजे नुसती वाळू. वाळू हातभर उकरली की खालून पाणी झिरपतं, आणि त्या पाण्याने तर्पण करायचं. “नदी आतून वाहते गं,” असं म्हणताना ती तळहात पालथा करून हळूच पुढे सरकवायची. ती वाळू उकरायची म्हणून मी पुण्याहून आले होते, आणि देवघाटाच्या पायऱ्यांशी भर जानेवारीत गुडघाभर पाणी. २०२२ साली इथे ४११ मीटर लांबीचं रबरी धरण झालं, पिंडदानाला येणाऱ्यांना बारा महिने पाणी मिळावं म्हणून. सोय झाली हे खरंच आहे. पितृपक्षात इथे लाखो माणसं येतात. मला मात्र आईची नदी कुणी झाकून टाकल्यासारखं वाटलं.

गाडी नऊ तास उशिरा पोचली होती. कल्याणला धरलेली हावडा मेल मोगलसराईनंतर धुक्यात शिरली ती शिरलीच. सोन नदीचा तो लांबच लांब पूल ओलांडला तेव्हा खाली नदी आहे हे फक्त आवाज बदलल्यावरून कळलं. आमच्या डब्यात बुंदेलखंडाकडचं एक कुटुंब होतं. त्यांनी खालचा खिडकीकडचा बर्थ रिकामा ठेवला होता आणि त्यावर पिवळ्या कापडात बांधलेला नारळ निजवला होता. त्या नारळात त्यांचे पूर्वज बसून गयेला निघाले होते. त्यांच्यासाठी वेगळं तिकीट काढलं होतं. टीसीनेही ते पाहून मान डोलावली. रात्री थंडी वाढल्यावर घरातली सून उठली आणि तिने त्या गाठोड्यावर स्वतःची शाल पांघरली. मी वरच्या बर्थवरून ते पाहत होते. मला तिचा हेवा वाटला. तिला कुठलाच प्रश्न पडलेला नव्हता म्हणून नव्हे. तिला थंडी वाजणारं कुणीतरी अजून होतं म्हणून.

मी देव मानत नाही. मरणानंतर काही उरतं असं मला वाटत नाही. हे मी कुणाला खिजवायला सांगत नाही, आणि त्यात मला कधी आनंदही झालेला नाही. बारा वर्षांची असताना पितृपक्षात आजोबांच्या नावाचं पान वाढताना मी आईला विचारलं होतं, “आजोबा तर नाहीत. मग हे खाणार कोण?” आई म्हणाली, “तू वाढ. बघत उभी राहू नकोस.” पुढे चार्वाकांचा युक्तिवाद वाचला : इथे केलेल्या श्राद्धाने परलोकीचा तृप्त होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याच्या हाती शिदोरी कशाला द्यायची, घरी त्याच्या नावाने वाढलं की झालं! माझ्याच प्रश्नाला हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यापेक्षा नेमके शब्द दिले होते. त्याला उत्तर आहे असं मला आजही वाटत नाही.

आईला हे सगळं ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणात एका दुपारी ती म्हणाली, “माझं एकदा गयेला कर. तिथे केलंस की दरवर्षी करायला नको. तुझा विश्वास नाही, उगाच तुला दरवर्षी त्रास.” गयेला केलं की वर्षश्राद्ध सुटतं, असा समज लोकांत आहे, जाणत्या शास्त्र्यांना तो मान्य नाही. पण आईने शास्त्र पाहिलं नव्हतं. तिने माझी अडचण पाहिली होती. स्वतःच्या श्रद्धेत तिने माझ्या अश्रद्धेची सोय लावली होती. मी काय म्हणाले? “बघू.” आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना कळतो. तीन आठवड्यांनी ती गेली.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवले. पिंड चुलतभावाने दिले, मी मागे उभी होते. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. पाऊण तास गेला. काका म्हणाले, “वहिनी, पोरीची काळजी करू नका, आम्ही आहोत.” मावशी म्हणाली, “ताई, तुझे दागिने तिच्याच अंगावर राहतील.” कावळा नाही. दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू झाली, तेव्हा मी पुढे झाले. का झाले ते अजून सांगता येत नाही. “आई, गयेला जाईन,” मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. आणि कावळा आला.

तो का आला ते मला माहीत आहे. माणसं पिंडांपासून लांब सरली होती, ऊन चढलं होतं, भूक कावळ्यालाही असते. त्या आगमनाने माझ्या मतात तसूभर फरक पडला नाही. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. शब्द गेला होता. ज्या बाईला ती ऐकत असताना मी ‘बघू’ म्हणाले, तिला ती ऐकत नसताना वचन देऊन बसले होते. माझ्याच हिशेबाने त्या घाटावर आई नव्हती. मग शब्द दिला कुणाला? आणि मोडला तर फसवणूक कुणाची? दोन वर्षं मी हा प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी उलगडून पाहिला. तर्क सांगायचा, कुणाचीही नाही. तो तर्क बिनचूक होता, आणि त्यावर एक रात्रसुद्धा स्वस्थ झोप लागत नव्हती.

“स्वतःच्या समाधानासाठी जाऊन ये,” असं मैत्रिणी म्हणाल्या. हे विधी जिवंतांसाठीच असतात, असं हल्ली समजूतदार माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. आई श्राद्धाचा स्वयंपाक करायची तो स्वतःच्या समाधानासाठी नव्हता. सासऱ्यांना अळूची भाजी आवडते म्हणून ती अळू शोधत मंडई पालथी घालायची. त्याला समाधानाचा उपाय म्हणणं म्हणजे तिचा विश्वास तिच्या हातून काढून घेऊन वर तिचीच पाठ थोपटणं. पोचतं, नाहीतर पोचत नाही. मला वाटतं, पोचत नाही. आणि तरी मी तिकीट काढलं.

विष्णुपद मंदिराच्या दारात पाटी आहे, अहिंदूंना प्रवेश नाही. मी थबकले. पण माझा विश्वास कुणीच विचारला नाही. नाव विचारलं, गोत्र विचारलं, गाव विचारलं. मंदिर करड्या-काळ्या दगडाचं आहे. गाभाऱ्यात चांदीच्या अष्टकोनी कठड्याच्या आत साधारण हातभर लांबीचा पायाचा ठसा. वायुपुराणातल्या गयामाहात्म्याची कथा अशी, की गयासुर इतका पुण्यवान झाला की त्याला नुसता स्पर्श केला तरी माणूस तरून जाई. यमाचं घर ओस पडलं. देवांनी यज्ञासाठी त्याचंच शरीर मागितलं, त्याने ते दिलं, आणि ते हलायचं थांबेना म्हणून विष्णूने पाय रोवला. त्या असुराचा अपराध एवढाच, की त्याने मोक्ष फार सोपा केला होता. ही कथा मला लहानपणापासून अन्यायाची वाटत आली आहे, आणि तिथे उभं राहूनही तशीच वाटली.

आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधलेलं. आपल्याकडे त्यांच्या घाटांची आणि बारवांची यादी भक्तिभावाने सांगतात. तिथे मला आठवली ती दुसरी यादी. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला. त्या सती निघाल्या होत्या, सासरे मल्हाररावांनी विनवून मागे फिरवलं. १७६६ मध्ये ते मल्हाररावच गेले. १७६७ मध्ये एकुलता मुलगा मालेराव. मंदिर झाल्यावर चारच वर्षांनी मुलगी मुक्ताबाई नवऱ्याच्या चितेवर चढली, आणि स्वतः सतीपासून परत आलेल्या आईला तिला परत आणता आलं नाही. जिने एवढी माणसं पोचवली, तिने देशभरच्या लोकांना आपापली माणसं पोचवायला इथे छप्पर दिलं. त्यांच्या मनात कधी शंका आली असेल का? कागदपत्रांत ती सापडणार नाही. पण खांबाला हात लावताना मला वाटलं, हे काम निःशंक माणसाचंच असलं पाहिजे असं काही नाही.

आमच्या गुरुजींचं मराठी स्वच्छ होतं. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातलेच यजमान येतात. मी मुलगी, मी विधी करू शकते का, हे मी फोनवरच विचारलं होतं. “ताई, दशरथाचा पिंड इथे कुणी दिला?” त्यांनी उलट विचारलं होतं. सीतेने. राम-लक्ष्मण सामान आणायला गेले असताना तिने वाळूचाच पिंड करून दिला. मग साक्षीदारांनी साक्ष फिरवली. नदी फिरली, गाय फिरली, केतकी फिरली, एकटा वड खरं बोलला. सीतेच्या शापाने फल्गू वाळूखाली गेली. पलीकडच्या काठावर सीताकुंडापाशी आजही वाळूचे पिंड देतात. कथा म्हणून पाहिलं तरी मोठी आहे : पिंड पोचला की नाही यावर भांडण नाही, तिने तो दिला हे खरं कोण सांगतं यावर आहे.

पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी वही काढली. लांबट, लाल कापडाची, कडा तेलकट झालेल्या. सासवड. बाबांची सही, १९८३. खाली आईचं नाव, बाबांच्याच अक्षरात. मग आजोबा. मग मागे मागे जात एक पान, ज्यावरची ओळ मला वाचता येईना. मोडीत होती. “हे तुमच्या पणजोबांचे वडील,” गुरुजी म्हणाले. मी बोट फिरवलं. शाईच्या एका ओळीत एक माणूस उभा होता, माझ्या रक्ताचा, आणि त्याने काय लिहिलंय ते वाचायलाही मला परक्या माणसाची मदत लागत होती. बायकांची नावं मात्र फार थोडी. आईच्या आईची आई कोण, ते मला ठाऊक नव्हतं. गुरुजी म्हणाले, नाव माहीत नसलं तरी पिंड द्यायचा. मी दिला. त्या बिननावाच्या बाईसाठी हात जास्त थरथरला.

आणि मग मातृषोडशी.

तिच्याबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. जवाच्या पिठाचे, तीळ घातलेले सोळा पिंड, फक्त आईसाठी. प्रत्येकाला एक श्लोक, आणि प्रत्येक श्लोकात आईने सोसलेली एक एक गोष्ट. गुरुजी संस्कृत म्हणत आणि मग मराठीत अर्थ सांगत. पोटातल्या ओझ्याने जड झालेले महिने. प्रसूतीच्या कळा. प्यायलेली कडू औषधं. शेकाच्या आगीने सुकलेलं अंग. रात्री बाळाने भिजवलेलं अंथरूण. माघातली थंडी आणि उन्हाळ्यातली काहिली. मूल आजारी पडल्यावरचा तिचा आकांत. एकेक सांगायचं, पिंड ठेवायचा, पुढचा हातात घ्यायचा. श्लोकांत मूल म्हणजे ‘पुत्र’च आहे. बाळंतपण केलेल्या मुलीने हे म्हणताना काय होईल, याचा विचार रचणाऱ्याने केलेला नसावा. माझी स्वतःची दोन बाळंतपणं झालीत. भिजलेल्या अंथरुणावर आलं तेव्हा मला शब्द फुटेना. मी आईशी राजकारणावर बोलले होते, पुस्तकांवर बोलले होते, तिच्या देवांवर तर वाद घातले होते. माझ्या जन्माच्या वेळी तिला किती तास कळा येत होत्या, हे मी तिला उभ्या आयुष्यात विचारलं नव्हतं. माझ्या विवेकाने मला हा प्रश्न कधी सुचवला नाही. तो एका पोथीने विचारला, आणि उत्तर देणारी आता नव्हती.

गुरुजी थांबले होते. त्यांनी घाई केली नाही. शेजारच्या स्मशानातून ओल्या लाकडांचा धूर येत होता.

शेवटी एक पिंड असतो तो ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. आगीत गेलेले, निपुत्रिक गेलेले, नाव नसलेले, मुकी जनावरंसुद्धा. तो मी जराही न अडखळता दिला. रुग्णालयात आईच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. अकरा दिवसांत त्यांना भेटायला कुणी आलं नाही. आई स्वतःच्या डब्यातला भात त्यांना द्यायला सांगायची. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं.

प्रेतशिळेच्या टेकडीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे मला फार वेळ थांबवलं नाही. अकाली, अपघाती गेलेल्यांसाठी लोक तिथे चढतात, सातूचं पीठ हवेत उधळतात आणि गेलेल्याचं छायाचित्र ठेवून येतात. झाडाखाली छायाचित्रांचा खच होता. उन्हापावसात चेहरे उडालेले. वर एका शाळकरी मुलाचा ओळखपत्राचा फोटो होता, अगदी नवा.

दुसऱ्या दिवशी मी बोधगयेला गेले. बारा-तेरा किलोमीटरचा रस्ता, आणि दोन अगदी वेगळी उत्तरं. मालुंक्यपुत्ताने बुद्धाला विचारलं होतं, तथागत मरणानंतर असतो की नसतो? बुद्धाने सांगितलं नाही. बाण लागलेल्या माणसाने तो कुणी मारला, धनुष्य कशाचं होतं, हे कळेपर्यंत बाण काढूच दिला नाही तर तो मरेल, एवढंच सांगितलं. महाबोधी मंदिरामागे पिंपळाखाली मी तासभर बसले. पान गळलं की चार देशांची माणसं ते उचलायला धावत. पण माझं मन तिथे लागेना. मला नुसतं मौन नको होतं. मला विचारायचं होतं की दिलेल्या शब्दाचं काय करायचं.

मी उठून नदीकडे गेले. तिथे तिला निरंजना म्हणतात. पुढे मोहना येऊन मिळाली की ती फल्गू होते. आणि तिथे धरण नव्हतं. पार पलीकडपर्यंत वाळू. मी गुडघे टेकून दोन्ही हातांनी उकरायला लागले.

“काय शोधून राहिल्या ताई?”

मराठी, आणि नागपुराकडचं. साठीच्या बाई, पांढरी साडी, हातात पिंपळाचं पान रुमालात गुंडाळलेलं. मी सांगितलं, पाणी. आई सांगायची म्हणून. आणि का आले तेही सांगितलं. त्या शेजारी वाळूत बसल्या.

“आमच्यात पिंड नाही पाडत,” त्या म्हणाल्या. “पुण्यानुमोदन करतो. वंदना, दान, तेवढंच. माझे बाबा छप्पनला दीक्षाभूमीवर होते, एकोणीस वर्षांचे. बावीस प्रतिज्ञा त्यांनी उभं राहून घेतल्या. मग माझी आजी वारली. आजीची लय इच्छा होती की पोरानं पिंड पाडावा. भावकी पण मागं लागली. बाबा म्हणाले, मी बाबासाहेबांसमोर शब्द देऊन आलो.”

“बाबासाहेब तेव्हा होते?”

“कुठले! त्यांना जाऊन धा वर्षं झाली होती.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “बाबा रात्री अंगणात बसून लय रडले. पण पिंड नाही पाडला.”

माझं बोट ओलं झालं. वाळूचा रंग आधी गडद झाला, मग खड्ड्याच्या तळाशी पाणी हळूहळू वर आलं, गढूळ, आणि बघता बघता निवळलं. आम्ही दोघी बघत होतो. त्यांच्या बाबांनी श्राद्ध केलं नाही आणि मी करत होते. त्या वाळूत बसून मला आम्ही दोघं एकाच बाजूला उभे दिसलो. तर्पण मला येत नव्हतं. मी नुसता पालथा तळहात त्या पाण्यावर धरला.

तिसऱ्या दिवशी अक्षयवट. गयेची शेवटची वेदी. इथे पिंड देऊन गुरुजींनी ‘सुफल’ म्हटलं की श्राद्ध पुरं. वड जुना, पारंब्या जमिनीला टेकलेल्या. खरं बोलणारा वड तो हाच. इथे एखादं फळ किंवा भाजी जन्मभर सोडायची चाल आहे. “आवडतं सोडा,” गुरुजी म्हणाले. “कुणी न खाण्यातलं सोडतात. इथे तपासणारं कुणी नाही.”

मी सीताफळ म्हणाले. सासवडहून टोपली आली की आई एकेक हलकं दाबून बघायची, कच्ची तांदळाच्या डब्यात घालायची. शाळेतून आल्यावर डबा उघडला की तांदळाला त्याचा वास असायचा. शेवटच्या वर्षीसुद्धा तिने माझ्यासाठी दोन ठेवली होती.

“सुफल,” गुरुजींनी म्हटलं.

त्याने माझ्या मतात काही बदललं नाही. परतीच्या गाडीत मला आई कुठे पोचल्यासारखं वाटलं नाही, तिचा आवाज आला नाही. मरणानंतर काही नाही, असं मी आजही म्हणेन. फक्त पूर्वी ते म्हणताना मला वाटायचं, की त्याबरोबर सगळं देणंघेणंही संपतं. आता तसं म्हणता येत नाही. समोरचं माणूस पुरतं नाहीसं होतं आणि त्याचं देणं तसंच उभं राहतं, हे कसं, ते मला उलगडलेलं नाही.

भाद्रपदात मंडईच्या मागच्या दाराशी नेहमीची फळवाली बसली होती. टोपलीत पहिली सीताफळं, डोळे फुटलेली, वरच्या फळावर पांढरट झाक. “ताई, सासवडची आहेत, उद्या होतील,” ती म्हणाली, आणि आई दाबायची तसंच एक दाबून माझ्यापुढे धरलं. मी ते हातात घेतलं. नाकाशी नेलं. घरी तांदळाचा डबा होता, आणि गयेतल्या त्या वडाखालचं कुणी इथे नव्हतं.

मी पेरू घेतले. अर्धा किलो.